टेपखालचा जोड आणि कारागिराचे इमान
ऑक्सिजन सेन्सरची वायर वाढवताना काय पाहावे, काय टाळावे

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरापासून गोकुळ शिरगाव, उचगाव, गांधीनगर ते गडमुडशिंगीच्या रस्त्यापर्यंत गॅरेज, वेल्डिंग, ऑटो इलेक्ट्रिक आणि सायलेन्सरची कामे करणारे हात मोठ्या संख्येने सापडतील. हे हात कसबी आहेत. तेल इंजिनांच्या काळापासून नमुना पाहून भाग घडवण्याची या गावाची परंपरा आहे. परंतु गाडी आता नुसती लोखंडाची राहिली नाही. तिच्यात एक लहानसा संगणक बसला आहे, आणि कारागिराने कोठे चूक केली ते तो गिऱ्हाइकाला दिवा लावून दाखवतो. म्हणून या पानावर आज आम्ही एक अगदी लहान काम घेत आहोत. काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते बिघडले तर गिऱ्हाईक महिनाभर फेऱ्या मारते आणि गॅरेजचे नाव जाते.

हे काम म्हणजे बाजारातला हेडर बसवल्यावर तोकडी पडणारी ऑक्सिजन सेन्सरची वायर वाढवणे.

हेडर बसवल्यावर वायर का अपुरी पडते?

कंपनीच्या गाडीत इंजिनाचा धूर बहुधा बिडाच्या मॅनिफोल्डमधून बाहेर पडतो. हेडर म्हणजे त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाकवलेला पोलादी पाईप आणि पुढे ते सारे पाईप एकत्र आणणारा एक कलेक्टर. एका सिलिंडरच्या धुराचा दाब दुसऱ्याच्या आड येऊ नये, इंजिन मोकळे व्हावे, हा त्यामागचा हेतू. मूळ मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या लगेच खाली असलेल्या सेन्सरची जागा हेडरमध्ये कलेक्टरच्या पुढे जाते. तसे करावेच लागते. सेन्सर एकाच सिलिंडरच्या पाईपात बसवला तर तो एकाच सिलिंडरची खबर देईल. चारही सिलिंडरची खबर हवी असेल तर चारही धूर जिथे मिळतात त्याच्या पुढे तो बसला पाहिजे. अशा रीतीने सेन्सर वीतभर, हातभर मागे सरकतो आणि कंपनीची वायर पुरत नाही.

मग काय होते? वायर ओढून ताणून बसवली जाते, किंवा मध्येच कापून घरातल्या फिटिंगचा तुकडा पिळून जोडला जातो आणि वर काळी टेप गुंडाळली जाते. वरून काम स्वच्छ दिसते. आत काय आहे ते कारागिरालाच ठाऊक असते.

सेन्सर करतो काय?

हे समजल्याशिवाय वायरीचे महत्त्व कळणार नाही. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमके राहिले तरच धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो. प्रमाण राखण्यासाठी धुरात ऑक्सिजन उरला आहे की नाही हे संगणकाला कळावे लागते. जर्मनीच्या बॉश कंपनीने त्यासाठी बनवलेला सेन्सर १९७६ साली प्रथम व्होल्वो मोटारीत बसला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागू झाला, १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. बीएस-६ बरोबर कार्ब्युरेटर जाऊन मोटारसायकलींनाही फ्युएल इंजेक्शन आले आणि बेंड पाईपवर हा सेन्सर दिसू लागला. म्हणजे आज हा विषय मोटारवाल्या मिस्त्रीपुरता राहिलेला नाही. दुचाकीच्या मिस्त्रीच्या दारातही तो आला आहे.

सेन्सरच्या टोकात झिर्कोनिया नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची टोपी असते. तिला आतबाहेर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. बाहेरच्या अंगाला धूर लागतो, आतल्या अंगाला स्वच्छ हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की सेन्सर स्वतः वीज तयार करतो. पेट्रोल जास्त झाले तर ०.८ ते ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर ०.१ व्होल्टच्या आसपास. एवढ्या बारीक इशाऱ्यावर संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. एक व्होल्टसुद्धा नाही. टॉर्चच्या एका सेलहून कमी!

यातून कारागिराने तीन गोष्टी मनात ठेवाव्यात.

पहिली, सेन्सर तापल्याशिवाय बोलत नाही. सुमारे ३०० ते ३५० अंश तापमान झाल्यावरच तो काम करतो. म्हणून त्याच्या पोटात बारा व्होल्टचा हीटर असतो. जुन्या एकवायरी सेन्सरला हीटर नसतो. तो इंजिनाजवळच बसला पाहिजे. असा सेन्सर हेडरमुळे दूर गेला तर वायर कितीही उत्तम वाढवा, तो थंडच राहील. तेथे हीटरचा सेन्सर घालणे हाच उपाय.

दुसरी, आतली स्वच्छ हवा अनेक सेन्सरमध्ये वायरीतूनच येते. वायरीच्या तारांमधल्या बारीक फटींतून सेन्सर श्वास घेतो. त्याच्या स्वतःच्या वायरीवर सोल्डर ओतले तर फटी बुजतात आणि त्याचा श्वास कोंडतो. सेन्सर बनवणाऱ्या कंपन्या सोल्डर करू नका असे सांगतात ते याच कारणाने. कपलरमध्ये ग्रीस भरणेही याच कारणाने वर्ज्य.

तिसरी, सेन्सरला विष चटकन बाधते. साधे सिलिकॉनचे सीलंट हेडरच्या पॅकिंगला फासले की त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर बसते आणि तो मरतो. सेन्सरला चालणारे, तसे डब्यावर लिहिलेले सीलंटच वापरावे. त्याहून चांगले म्हणजे योग्य पॅकिंग घालावे.

लांबी घातक नाही, जोड घातक आहे

अनेकांचा समज असतो की वायर लांब केली की करंट कमी होतो आणि म्हणून दिवा लागतो. आपण हिशेब करून पाहू. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ६० सेंटिमीटर वाढवली. जाणारी व येणारी मिळून १.२ मीटर झाली. तिचा विरोध सुमारे ०.०२८ ओहम. हीटर तापल्यावर एक अँपिअर घेतो असे धरले तर व्होल्टेजमध्ये घट झाली ०.०३ व्होल्टहूनही कमी. म्हणजे काहीच नाही. सेन्सरच्या इशाऱ्याच्या वायरीतून तर इतका सूक्ष्म करंट जातो की तेथे लांबीचा प्रश्नच उरत नाही.

आता पिळून टेप मारलेला जोड घ्या. एका पावसाळ्यात तांब्यावर हिरवा गंज चढतो. अशा एका जोडाचा विरोध एक ओहम झाला आणि हीटरच्या दोन्ही वायरींवर असे जोड असले तर वाटेत दोन ओहम आले. बारा ओहमचा हीटर असेल तर त्याची उष्णता पाव भागाहून जास्त घटते. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर सेन्सर उशिरा जागा होतो, तोवर संगणक अंदाजाने पेट्रोल देतो, ॲव्हरेज पडते आणि एके दिवशी चेक इंजिनचा दिवा लागतो. गिऱ्हाईक हेडरला दोष देते, मिस्त्री कंपनीच्या संगणकाला दोष देतो, नवा सेन्सर विकत आणला जातो. आणि खरा दोषी टेपखाली स्वस्थ बसलेला असतो.

काम करण्याची रीत

१. आधी वायर खरोखर वाढवायची आहे का ते पाहा. कित्येकदा वायरीचा मार्ग बदलला, एखादी क्लिप सोडवली की ती पुरते. त्याच जातीचा सेन्सर लांब वायरीत मिळतो का हेही दुकानात विचारावे. न कापलेल्या वायरीइतका चांगला जोड कोणताच नाही.

२. वाढवणे भागच असेल तर मध्ये जोडायचा स्वतंत्र तुकडा करा. एका टोकाला नर कपलर, दुसऱ्या टोकाला मादी कपलर. सेन्सरची वायर कापायची नाही, गाडीचीही नाही. मूळ कपलर सोडवून मध्ये हा तुकडा लावायचा. जुन्या वायरिंगमधून त्याच मापाचे कपलर मिळतात. यात दोन लाभ आहेत. सेन्सरच्या श्वासाला धक्का लागत नाही आणि उद्या गिऱ्हाइकाने मूळ मॅनिफोल्ड परत बसवायचे म्हटले तर तुकडा काढून घेतला की गाडी जशीच्या तशी.

३. कपलर मिळालाच नाही तर जोड गाडीच्या बाजूच्या वायरिंगवर करा, सेन्सरच्या बाजूवर नव्हे. पाच वायरींच्या वाइडबँड सेन्सरमध्ये हा नियम अधिक कडक पाळावा. त्यातल्या अनेकांच्या कपलरमध्येच तो सेन्सर जुळवून घेणारा विरोध बसवलेला असतो. कपलर कापून फेकला की सेन्सरची खबर खोटी झाली.

४. वायर तितक्याच जाडीची किंवा किंचित जाड घ्या. घरातल्या फिटिंगची साधी पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी असते. हेडरच्या शेजारी ती वितळते आणि वायरी एकमेकींना चिकटतात. टेफलॉनची किंवा सिलिकॉन आवरणाची वायर वापरा. वर काचधाग्याची स्लीव्ह चढवा.

५. रंगाला रंग जोडा. सर्वसाधारणपणे बॉशच्या चारवायरी सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी इशाऱ्याची आणि करडी इशाऱ्याच्या अर्थची. डेन्सोमध्ये मात्र दोन काळ्या हीटरच्या, निळी इशाऱ्याची आणि पांढरी अर्थची. म्हणजे एका कंपनीत काळी इशाऱ्याची, तर दुसऱ्या कंपनीत तीच हीटरची! आठवणीवर विसंबून जोडणाऱ्याने येथे बारा व्होल्ट संगणकाच्या इशाऱ्याच्या तोंडात घातले तर नुकसान सेन्सरपुरते राहत नाही. कपलरच्या दुसऱ्या बाजूला गाडीचे रंग आणखी वेगळे असतात. म्हणून खाना पाहून, मीटर लावून खात्री करा.

६. इशाऱ्याची अर्थची वायर वाचवून बॉडीला अर्थ देऊ नका. बॉडीच्या अर्थमध्ये इतर यंत्रांचा करंट फिरतो. एक व्होल्टच्या आतल्या इशाऱ्यात त्याची भेसळ होते.

७. जोड क्रिंप करून करा. योग्य मापाची नळी आणि तिच्याच मापाचा क्रिंपिंग पाना वापरा. पकडीने चेपलेला जोड हा क्रिंप नव्हे. जोडल्यावर हाताने जोरात ओढून पाहा. सुटला तर बरे झाले, गाडीखाली सुटण्यापेक्षा टेबलावर सुटला. प्रत्येक वायरीचा जोड वेगळ्या ठिकाणी घ्या, सारे एका रेषेत नकोत. एक-दीड इंचाचे अंतर ठेवले की एक जोड दुसऱ्याला टेकत नाही. मग हीट श्रिंक स्लीव्ह चढवून गरम हवेने आवळा. काडी किंवा लायटर लावून आवरण काळे करू नका.

८. वायर पाईपापासून चांगली हातभर शक्य नसेल तर निदान वीतभर दूर ठेवा आणि क्लिपांनी बांधा. इंजिन हलते, चासी हलत नाही. म्हणून दोन्हींच्या मध्ये थोडी ढील ठेवा. वायर ताणलेली असेल तर पहिल्याच खड्ड्यात कपलर ढिला होतो, आणि खड्ड्यांची आपल्याकडे उणीव नाही. इग्निशन कॉइल आणि प्लगच्या वायरींपासूनही ती लांब न्या.

वेल्डिंग करणाऱ्या बांधवांसाठी

वायर वाढवणाऱ्याचे यश निम्मे वेल्डरच्या हातात असते. सेन्सरचा आट्यांचा बॉस पाईपाच्या वरच्या अंगाला, घड्याळातल्या दहा ते दोनच्या मध्ये बसवावा. खाली किंवा आडवा बसवला तर सकाळचे थंड पाणी सेन्सरवर साचते आणि तापलेली मातीची टोपी तडकते. मोटारीच्या सेन्सरचे आटे बहुधा १८ मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे असतात; मोटारसायकलींत अनेकदा १२ मिलिमीटरचे असतात. वेल्ड करताना बॉसमध्ये सेन्सर ठेवू नये. जुना बोल्ट घालून ठेवावा, म्हणजे आटे वाकत नाहीत. गाडीवरच वेल्ड करायची वेळ आली तर बॅटरी सोडवावी. सेन्सर बसवताना आट्यांना मूळ लावलेले काळसर मलम पुरेसे असते; लावायचेच तर फक्त आट्यांना, टोकाला नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गळती. सेन्सरच्या मागे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, पॅकिंगमधून किंवा वेल्डच्या बारीक छिद्रातून धूर गळत असेल तर तेथूनच दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरची हवाही आत ओढली जाते. सेन्सरला वाटते हवा जास्त झाली. संगणक पेट्रोल वाढवतो. प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरते. वायर निर्दोष, सेन्सर निर्दोष, दोष मात्र वेल्डचा.

मोटारसायकलींत आणखी एक प्रकार चालतो. बाजारातल्या बेंड पाईपला सेन्सरचे भोकच नसते, म्हणून सेन्सर तसाच वायरीसह फ्रेमला बांधून ठेवतात. उघड्या हवेत बसलेला सेन्सर संगणकाला सतत सांगत राहतो की हवाच हवा आहे. मग संगणक पेट्रोल ओतत राहतो. याला काम म्हणता येणार नाही.

तपासणी करूनच गाडी द्या

मीटर डिजिटलच असावा. सेन्सरच्या इशाऱ्याच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावू नये. तेवढा करंट तो देऊ शकत नाही. इशाऱ्याच्या दोन वायरींमध्ये ओहमही मोजू नयेत, मीटरच्या करंटने सेन्सर बिघडू शकतो. ओहम फक्त हीटरच्या दोन वायरींमध्ये मोजायचे. थंड असताना ते सामान्यतः थोडेच भरतात, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातून घ्यावा. आपण केलेल्या तुकड्याच्या प्रत्येक वायरीचे आरपार कनेक्शन पाहा आणि कोणत्याही दोन वायरी एकमेकींना लागलेल्या नाहीत हेही पाहा.

मग इंजिन पुरते गरम करून दोन हजार आरपीएमच्या आसपास धरा. चार वायरींच्या साध्या सेन्सरचा इशारा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली नाचला पाहिजे. एकाच जागी खिळला तर काम अपुरे आहे. स्कॅनर असेल तर कोड वाचा. पी-०१३५ म्हणजे पहिल्या सेन्सरच्या हीटरचे सर्किट. आपल्या जोडाकडे पाहा. पी-०१३४ म्हणजे सेन्सर बोलतच नाही. पी-०१७१ म्हणजे हवा जास्त. आधी गळती शोधा. पी-०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करत नाही. तो हेडरबरोबर काढून टाकला असेल तर हा कोड अगदी खरे बोलतो आहे.

कायदा काय म्हणतो?

येथे आम्हाला गोड न लागणारी गोष्ट सांगितली पाहिजे. आजच्या अनेक मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. हेडर बसवला की तो जातो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत मालकाला असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठरवण्यात आले. धूर आणि आवाजाची मर्यादा ओलांडल्यास कलम १९० प्रमाणे पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्सवर तीन महिन्यांची टाच, असे त्याच दुरुस्तीत आले. जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे अनेक शहरांतल्या वर्तमानपत्रांत आपण पाहिली आहेत. चिरडला जातो तो गिऱ्हाइकाचा पैसा, पण शिव्या मिळतात मिस्त्रीला.

मग हे काम करूच नये का? तसे आमचे म्हणणे नाही. कोल्हापूरला शर्यतीचा नाद जुना आहे. या परिसरात गो-कार्टिंगचा ट्रॅक उभा राहिला, येथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेला. केवळ ट्रॅकवर चालणाऱ्या गाड्यांचे हेडर हे रास्त काम आहे आणि त्यात चांगल्या कारागिराला मागणी आहे. कंपनीच्याच जातीचा, कन्व्हर्टरसह येणारा पर्यायी पाईप बसवणे, गंजलेला पाईप बदलणे, उंदराने कुरतडलेली किंवा पाईपाला लागून जळलेली सेन्सरची वायर दुरुस्त करणे ही कामे तर रोजची आहेत. वर सांगितलेली रीत त्या प्रत्येक कामाला लागू पडते.

टाळावयाचे ते एकच. सेन्सर काढून टाकून त्याच्या जागी विरोध लावलेला बनावट प्लग बसवतात, किंवा मागच्या सेन्सरखाली पोकळ नट घालून त्याला धुरापासून दूर उचलतात, म्हणजे दिवा लागू नये. दिवा विझतो, दोष तसाच राहतो. हे दुरुस्तीचे काम नाही, खोट्या साक्षीचे काम आहे.

ऐब सांगून विकणे

धान्याच्या ढिगाची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना एका व्यापाऱ्याच्या ढिगात हात घालतात आणि आतले धान्य ओले लागते. व्यापारी पावसाचे कारण सांगतो. पाऊस कोणाच्या हातात नाही हे खरे. पण ओले धान्य वर ठेवून गिऱ्हाइकाला दाखवणे त्याच्या हातात होते, आणि जाब त्याचाच विचारला गेला. फसवणाऱ्याला प्रेषितांनी आपल्यांतला मानले नाही. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आला आहे.

आम्हाला वाटते की गॅरेजमधला टेपखालचा जोड हाच आजच्या कारागिराचा धान्याचा ढीग आहे. वरून कोरडा, आतून ओला. गिऱ्हाईक टेप सोडून पाहणार नाही, पाहिली तरी त्याला कळणार नाही. म्हणूनच ती अमानत आहे. वायर छोटी पडली हा दोष नाही, हेडर गाडीला नेमका बसला नाही हाही कारागिराचा दोष नाही. ते पावसासारखे आहे. झाकणे मात्र त्याचे स्वतःचे आहे.

एक उदाहरण घेऊ. गडमुडशिंगीच्या रस्त्यावर एखाद्या गॅरेजात तरुण गिऱ्हाईक हेडर हातात घेऊन आले असे समजा. एक कारागीर काही न विचारता संध्याकाळपर्यंत बसवून देईल. दुसरा आधी तीन गोष्टी सांगेल: तुझ्या गाडीचा कन्व्हर्टर यात जातो, रस्त्यावर हे चालत नाही, आणि वायरीचा तुकडा नीट करायला एवढा वेळ आणि एवढा खर्च लागेल. त्या दिवशी दुसऱ्याचे गिऱ्हाईक कदाचित परत जाईल. घरात चार माणसे खाणारी असताना आलेले काम जाऊ देणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण सहा महिन्यांनी गाडी विकताना, पीयूसीला नेताना किंवा पोलिसांनी अडवल्यावर त्या तरुणाला कोणाचे बोल आठवतील? एका गिऱ्हाइकाने दहाजणांना सांगितलेले नाव कोणत्याही फलकाहून मोठे असते. बरकत म्हणतात ती याहून वेगळी नसावी.

व्यवहारात यासाठी फार काही लागत नाही. पावतीवर लिहून द्या: सेन्सरची वायर इतकी वाढवली, जोड अमुक ठिकाणी आहे, जुने भाग परत दिले. उद्या दुसऱ्या मिस्त्रीला दोष शोधताना त्याचा उपयोग होईल, आणि वाद ग्राहक आयोगापर्यंत गेला तर तीच पावती तुमची साक्षीदार होईल. काढलेला मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टर गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्या. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियमसारखे मौल्यवान धातू असतात, तो गॅरेजच्या भंगारात गुपचूप जाणे ही सरळ चोरी आहे.

शेवटी शिक्षणाविषयी दोन शब्द. आपली मुले लहानपणी गॅरेजात जातात आणि पाना धरायला लवकर शिकतात, पण मीटर धरायला उशिरा, काही तर कधीच नाही. आयटीआयचा मोटार मेकॅनिक किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पुरा केलेला मुलगा आणि उस्तादाच्या हाताखाली घडलेला मुलगा, दोघांच्या विद्या एकत्र आल्या पाहिजेत. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले ते आपल्या मुलांनी शिकावे म्हणून. अशा ठिकाणी सुटीच्या दिवशी दोन तास मीटर, स्कॅनर आणि वायरिंगचे चित्र वाचण्याचा वर्ग भरवता येणार नाही काय? उस्तादांनी शिकवावे आणि शिकावेही. एक चांगला क्रिंपिंग पाना आणि एक डिजिटल मीटर एवढ्या भांडवलावर त्याची सुरुवात होते.

ज्यांच्याकडे ही दोन हत्यारे आजही नाहीत, त्यांनी पुढच्या कामाच्या मजुरीतून प्रथम ती घ्यावीत. पिळून टेप मारायची सवय इन्शाअल्लाह त्याच दिवशी सुटेल.